डावीकडचा दिवा

३० ऑक्टोबर, बुधवार

पंपघरातून एक कोरी नोंदवही उचलून आणली आहे. तिथे तेवीस वर्षं रोज लिहितोय: कालव्यातल्या पाण्याची पातळी, किती पंप चालू, किती वाजता बंद केले. डॉक्टरांनी आठवडाभर कामावर जाऊ नका म्हणून सांगितलं. हाताला सवय आहे, म्हणून इथे लिहितो.

सोमवारी, २८ तारखेला, पावणेपाच वाजता गिरणीच्या वळणावर माझी गाडी रोझाली नेनीच्या सायकलला लागली. धुकं होतं. मी बांधावरून घरी येत होतो, नियमाप्रमाणे रस्त्याच्या उजव्या बाजूने, वेग पन्नासच्या आत. ती समोरून येत होती, कबरस्तानात नवऱ्याची जागा झाडून. तिच्या बाजूला पाण्याने भरलेला खड्डा आहे. तो चुकवायला ती रस्त्याच्या मधे आली. सायकलची मूठ माझ्या डाव्या आरशाला लागली आणि ती पडली. वय अठ्ठ्याहत्तर, सगळ्या गावाची नेनी, म्हणजे मावशी. कपाळाला सात टाके, खांदा आणि मांडी काळीनिळी. हाड मोडलेलं नाही. एक दिवस सेगेद शहरातल्या इस्पितळात ठेवलं, काल संध्याकाळी सोडलं.

गावचा पोलीस गेर्गे आला, मला बाची म्हणजे काका म्हणणारा. मला नळीत फुंकायला लावलं, शून्य आलं. मग विचारलं, "आंब्रुश बाची, दिवे चालू होते ना?"

"होते," मी म्हणालो. त्याने लिहून घेतलं.

रविवारी हिवाळ्यासाठी देशभरची घड्याळं एक तास मागे झाली, दर वर्षीसारखी. म्हणून सोमवारी घरी येताना अंधारून आलं. आधीच्या आठवड्यात याच वेळी चांगला उजेड असायचा. हे गेर्गेने विचारलं नाही.

रात्रीचं जेवलो. काय होतं ते लिहिताना आठवेना. बायकोला, पिरोष्काला विचारलं. म्हणाली, "बटाट्याची भाजी. दोनदा घेतलीस."

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व संतांचा दिवस; सगळे कबरस्तानात जातात. आईबाबांना शेवंती वाहिली, मेणबत्त्या लावल्या. सगळं गाव होतं. प्रत्येक जण येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. तुझी काय चूक, कोणाच्याही बाबतीत झालं असतं, असं म्हणत होते. मी मान हलवत होतो.

देनेश माझ्याबरोबर पंपघरात आहे, पाळी बदलून. त्याला गप्प बसवत नाही. म्हणाला, "गाडी विकून मोटारसायकल कधी घेतलीस रे? सांगितलंही नाहीस."

"कसली मोटारसायकल?"

"म्हातारी इस्पितळात तेच सांगत होती. मोटारसायकल आली म्हणे. एकच दिवा होता, रस्त्याच्या पार कडेला. मधे भरपूर जागा होती म्हणते. मग त्या चार दारांच्या मोटारसायकलवरून आपले आंब्रुशराव उतरले, टोपी घालून."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो असणार, कारण दातांना थंड हवा लागली.

"डोक्याला मार लागलाय तिच्या," देनेशची बायको म्हणाली. "की आधीपासूनच असेल. एकटी राहते, कोणाला कळणार?"

घरी येताना पिरोष्का माझ्यापुढे चालत होती. एरवी ती हात धरून चालते.

४ नोव्हेंबर, सोमवार

गेर्गेचा फोन आला. जखमा आठ दिवसांत बऱ्या होणाऱ्या आहेत, त्यामुळे गुन्हा नाही. नेनी स्वतःच मधे आली, तिला लेखी समज दिली. माझं काही नाही. "निवांत झोपा आता, बाची."

झोप लागते मला. तो प्रश्न नाही.

दुपारी टेबलावर माझ्या ताटाशेजारी बल्बचा खोका होता. पुढच्या दिव्यांचे दोन बल्ब. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मीच आणले होते. डावीकडचा गेला होता. तिथे बॅटरी आड येते, ती आधी काढावी लागते, म्हणून रविवारी करू म्हटलं. मग एका रविवारी द्राक्षांची तोडणी होती, एका रविवारी पाऊस. दिवसा उजेडात घरी येत होतो, अडत नव्हतं. नंतरचा रविवार घड्याळांचा.

"हे इथे कुणी ठेवलं?" मी विचारलं.

"मी," पिरोष्का म्हणाली. "खणात होते. मला सुरी हवी होती."

खोका मी खिडकीत ठेवला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

कामावर गेलो. देनेशने येऊन नेलं. गाडी बाहेर काढली नाही. पातळी दोन मीटर चाळीस. एक पंप चालू.

९ नोव्हेंबर, शनिवार

इल्दिको आली होती, रोझाली नेनीची मुलगी. सेगेदला एका शाळेच्या कचेरीत काम करते. हातात कापडात गुंडाळलेलं बदक, सोलून, साफ करून आणलेलं. दारातच म्हणाली, "आईच्या वतीने माफी मागायला आलेय. तुमचा आरसा तुटला, शिवाय तुम्हाला किती त्रास झाला असेल."

मी बदक घेतलं. काय करणार? तिचे हात गारठले होते.

पिरोष्काने कॉफी केली. इल्दिको दोन घोटांत प्यायली आणि बोलत राहिली. आई अजून मोटारसायकलचंच धरून बसली आहे. तिला गाडीचा फोटो दाखवला, तुटलेला आरसा दाखवला, तरी म्हणते मला एकच दिवा दिसला, मी काय आंधळी आहे? "मी तिला म्हटलं, आई, आंब्रुश बाची गाडीतून उतरले, तूच सांगतेस. तर म्हणते, हो, ते मला कळत नाही, पण दिवा एकच होता. आता यावर काय बोलायचं?" तिने डोळे पुसले. "बाबांच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. जे नव्हतं ते दिसायला लागलं. मी आता वाट बघत बसणार नाही."

शेजारच्या शहरात वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होते आहे. २ डिसेंबरला. नाव दिलं आहे. घर वसंतात विकायचं.

"नेनी काय म्हणते?" पिरोष्काने विचारलं.

"आधी भांडली. आता गप्प असते. परवा मला म्हणाली, मला खरंच दिसला का गं तो दिवा?"

इल्दिको गेल्यावर पिरोष्का कप न उचलता बसून राहिली. मी आरशाची काच मोजली. चौदा गुणिले नऊ.

१० नोव्हेंबर, रविवार

जेवायला नुसत्या शेवया, खसखस आणि साखर.

"बदक?" मी विचारलं.

"फ्रीजरमध्ये. तुला खायचं असेल तर तू शिजव."

"तुला काही बोलायचं आहे का?"

"मी दोनदा बोलले होते, ऑक्टोबरमध्ये. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा तू म्हणालास, कटकट करू नकोस." तिने शेवया संपवल्या, ताट विसळलं. "आता बोलायचं ते मी बोलून भागणार नाही, आंब्रुश."

मी विचार केला. बल्ब डावीकडचा गेलेला होता हे खरं. पण धुकं होतं हेही खरं, आणि ती मधे आली हेही खरं. तिला एक दिवा दिसला काय, दोन दिसले काय, मधे यायला नकोच होतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगत असतो तर बरोबर वाटलं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बल्ब बदलले. जसं केलं तसं लिहितो.

साडेतीनला गाडी कोठारातून मागे घेऊन पुन्हा सरळ केली, तोंड फाटकाकडे. धुकं आज सकाळपासून उठलंच नव्हतं. बॉनेट उघडलं. आधी उजवीकडचा घेतला, कारण तो सोपा. वायरची पिन ओढली, रबरी टोपण काढलं, तारेची क्लिप दाबून बाजूला केली. जुना बल्ब बाहेर. नवा बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर राहतं आणि तिथे तापून बल्ब लवकर जातो. मी स्वच्छ रुमालाने धरला. तीन कान असतात, मोठा वर. क्लिप, टोपण, पिन. दहा मिनिटंही नाहीत.

बरोबर बसला का बघायला दिवे लावले. लागला. डावीकडे अजून जुनाच होता, काळा. मी गाडीत बसून होतो, उरलेल्या पिनांच्या डब्यात काही शोधत होतो.

पिरोष्का मागच्या वाफ्यातून कांद्याची पात घेऊन रस्त्याने फिरून फाटकातून आत आली. ती उजेडाकडे बघत आली. उजेडापासून बाजूला व्हायचं म्हणून ती दुसऱ्या कडेने चालू लागली, जिथे दिवा नव्हता त्या कडेने. सरळ, नेहमीच्या चालीने. टोपली गाडीच्या कोपऱ्यावर आपटली तेव्हा थांबली. पात खाली सांडली.

ती आमचीच गाडी होती. आमच्याच अंगणात. एकोणीस वर्षं ती या फाटकातून येते.

ती खाली वाकली. पात वेचली, एकेक. मग डाव्या दिव्याच्या काचेवर तिने हात ठेवला, तो गार आहे का बघावं तसा, आणि आत गेली.

मी डावीकडचा काढायला घेतला. बॅटरीचे दोन बोल्ट, दहाचा पाना. बॅटरी उचलून विटेवर ठेवली. हात आत जातो, दिसत काही नाही, क्लिप बोटाने शोधावी लागते. जुन्या बल्बची तार तुटून लोंबत होती, काच आतून करडी. नवा बसवला. बॅटरी परत जागेवर. दिवे लावले. फाटकावर दोन गोल पडले, सारख्या उंचीवर.

घड्याळ पाहिलं. डावीकडच्याला अठरा मिनिटं लागली होती. बॅटरी धरून.

हात धुतले. साबणाने दोनदा. जेवलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं तर काय होईल ते लिहून काढतो.

पोलिसांना खोटं सांगितलं, हे एक. लायसन्स जाईल, किती महिने माहीत नाही. पंपघर अकरा किलोमीटर बांधावर, बस जात नाही. पेन्शनला चार वर्षं आहेत. गावात तोंड दाखवता येईल, पण कसं ते माहीत नाही. आता सगळे खांद्यावर हात ठेवतात.

न सांगितलं तर काय होईल: काही नाही. इल्दिको २ तारखेला नेनीला घेऊन जाईल.

असं समोरासमोर लिहिल्यावर काहीतरी वाटेल असा अंदाज होता. पावसाळी दिवसात पंप चालू असला की त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसं आहे. बंद पडला तरच कळतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पिरोष्का दुकानातून बातमी घेऊन आली. नेनीची बदकं देनेशच्या बायकोने नेली, अकरा. काल डॉक्टरांनी नेनीला तपासलं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून दाखवा. सगळं बरोबर केलं. मग त्यांनी अपघाताचं विचारलं.

"आणि?"

"तिने आधी इल्दिकोकडे पाहिलं म्हणे. मग म्हणाली, लिहा, गाडी होती. दोन दिवे होते. इल्दिकोला वाटलं, चला, शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, बाई दर वेळी वेगळं सांगतात, हे बरं लक्षण नाही." पिरोष्का कोट काढायचा विसरली होती. "ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"तिने खोटं सांगितलं, आंब्रुश. घर सुटू नये म्हणून. तिला तुझ्यासारखं जमलं नाही, एवढंच."

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला गेलो. पिरोष्का म्हणाली, येऊ का बरोबर? मी नको म्हणालो. मग फाटकापर्यंत आली.

नेनीच्या स्वयंपाकघरात खोके होते. इल्दिको वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती. नेनी टेबलापाशी बसलेली, अंगात कोट, डोक्याला रुमाल, जणू आत्ताच निघायचं आहे. कपाळावरची खूण अजून लाल होती.

"बसा ना," इल्दिको म्हणाली. "पालिंकाचा एक घोट देऊ? बाटली अजून बांधली नाही."

मी बसलो नाही. टोपी हातात होती. वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं पहिलंच आठवेना.

"माझा डावीकडचा दिवा गेलेला होता," मी म्हणालो.

इल्दिको बशी गुंडाळत राहिली. "कधी?"

"त्या दिवशी. त्याच्या आधीपासून. महिना होत आला होता. एकच दिवा लागत होता, उजवीकडचा. कडेचा. नेनीला एकच दिसला कारण एकच होता."

बशी खोक्यात गेली नाही, खालीही पडली नाही. इल्दिकोच्या हातातच राहिली.

"तुम्ही गेर्गेला सांगितलंत," ती म्हणाली, "दोन्ही चालू होते म्हणून."

"हो."

"मी तुमच्या घरी येऊन माफी मागितली."

"हो."

"तुम्ही ते बदक घेतलंत."

मी मान हलवली. ते फ्रीजरमध्ये आहे हे सांगावंसं वाटलं, पण त्याने काय झालं असतं?

नेनी इतका वेळ माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. फळ्यावरचं गणित तपासावं तशी. मग म्हणाली, "पुन्हा सांग. हळू. हिला नीट ऐकू दे."

मी पुन्हा सांगितलं. बल्ब कधी गेला, कधी आणला, का बसवला नाही. बॅटरी आड येते हेही सांगितलं. बदलायला अठरा मिनिटं लागली हेही. सांगायला नको होतं कदाचित, पण पुन्हा सांग म्हणाली म्हणून सगळं सांगितलं.

"मी रस्त्यावर पडले होते," नेनी म्हणाली. "तू माझ्याजवळ गुडघ्यावर बसलास. मी तुला काय विचारलं, आठवतं?"

आठवत होतं. या वहीत मी ते लिहिलेलं नाही.

"सांग हिला."

"तुम्ही विचारलंत, मोटारसायकलवाल्याला लागलं का?"

"आणि तू?"

"मी म्हणालो, नाही लागलं, नेनी."

इल्दिकोने बशी टेबलावर ठेवली आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आईचा हात धरायला गेली. नेनीने हात मागे घेतला नाही, पण दिलाही नाही.

"तुझ्याकडे नंतर बघते," ती मुलीला म्हणाली. "तू सख्खी आहेस, तुझ्यावरचा राग जायला वेळ लागेल." मग माझ्याकडे वळून, "तू आता जा. इथे सांगितलंस ते पोलिसांत सांग. माझी समज त्यांनी कागदावर दिली आहे, ती कागदावरच मागे घेतली पाहिजे."

मी टोपी घातली. दारात पोचलो तर मागून म्हणाली, "आणि देनेशच्या बायकोला सांग, बदकं संध्याकाळपर्यंत परत हवीत. अकरा. मोजून घेणार आहे मी."

सांगितलं. देनेशच्या बायकोने कारण विचारलं. तेही सांगितलं. उंबऱ्यावरच उभं राहून. देनेश आतून आला, ऐकलं, आणि बदकं धरायला मागच्या अंगणात गेला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गेर्गे म्हणाला, "बाची, फाइल बंद आहे. मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हाच सांगितलं असतं तर फार तर दंड झाला असता."

"माहीत आहे."

"मग आता कशाला?" त्याने हे विचारलं आणि लगेच पेन उचललं, कारण त्यालाही उत्तर नको होतं. मी दोन पानं सांगितली. सही केली. माझी सही वाकडी आली. तेवीस वर्षं रोज सही करतो, अशी कधी आली नव्हती.

घरी आल्यावर पिरोष्काने माझा कोट घेऊन टांगला. पाव कापून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली, मी खाईपर्यंत.

३ डिसेंबर, मंगळवार

काल नेनी गेली नाही. इल्दिको तीन दिवस राहून खोके सोडत होती म्हणे. दोघी फारसं बोलत नाहीत. बशा फडताळात परत गेल्या.

गाडी कोठारातच आहे, मी सायकलने कामावर जातो. जायला पन्नास मिनिटं. खांद्यावर आता कुणी हात ठेवत नाही. बेकरीत माझा नंबर आला की बोलणं थांबतं, पाव मिळतो, पुन्हा सुरू होतं. देनेश पाळी बदलताना फक्त आकडे सांगतो. आज निघताना मात्र म्हणाला, "बांधावर बर्फ आहे. उतरून चाल तिथे."

६ फेब्रुवारी, गुरुवार

तालुक्याच्या न्यायालयात सुनावणी झाली. पिरोष्का बरोबर होती. न्यायाधीश तरुण बाई, सर्दी झालेली. मी काय केलं ते तिने वाचून दाखवलं. माझंच होतं, तरी सगळं ऐकावं लागलं. दंड, आणि लायसन्स दहा महिने बंद. नेनीला दिलेली समज रद्द.

रोझाली नेनी पहिल्या बाकावर होती, इल्दिकोच्या शेजारी. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? नुकसानभरपाई मागायची आहे का?

नेनी उभी राहिली. बसूनच बोला म्हटलं तरी उभी राहिली.

"हा माणूस सत्तावीस दिवस गप्प बसला," ती म्हणाली. "तेवढ्यात माझं मलाच खरं वाटेनासं झालं. मी माझ्या मुलीसमोर, डॉक्टरसमोर खोटं बोलले. आयुष्यात नव्हते बोलले. मग हा आला, कुणी न बोलावता, आणि सांगितलं."

"मग काय लिहू?" न्यायाधीशांनी विचारलं. "माफ करता, की नाही?"

"ते कुठे विचारलंत तुम्ही? काय सांगायचं आहे असं विचारलंत." नेनीने पर्स उचलली. "दोन्ही लिहा."

बाहेर पायऱ्यांवर मी कोटाची बटणं लावत होतो. लागेनात. पिरोष्काने माझे हात बाजूला केले आणि खालपासून वरपर्यंत स्वतः लावली. नेनी आमच्या शेजारून उतरून गेली, कठडा धरून, हळूहळू. आमच्याकडे पाहिलं नाही. मी टोपी काढली होती. ती वळेपर्यंत, आणि नंतरही, घालायचं सुचलं नाही. चेहरा ओला झाला होता. पिरोष्का म्हणाली, "बस यायला वेळ आहे. रड."